दोन भरत्यांमधला वेळ

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांतून खाडीच्या कडेने फिरताना मोठे, उथळ तलाव दिसतात. सकाळी फिरायला येणाऱ्या पुष्कळ लोकांना ती शोभेची किंवा पक्षी पाहण्याची जागा वाटते. प्रत्यक्षात ते धारण तलाव आहेत, म्हणजे रोजच्या बोलण्यातले होल्डिंग पाँड. या शहराचा बराच भाग खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीवर, भराव घालून उभा राहिला आहे आणि काही जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरती असताना शहरावर पडलेले पाणी खाडीत उतरू शकत नाही. उलट मोकळी वाट मिळाली तर खाडीचेच पाणी नाल्यांतून वस्तीत शिरेल. म्हणून तलावांच्या तोंडाशी झडपांची दारे आहेत. भरती आली की ती मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठत राहते. ओहोटी लागली की ती उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. या कामाला साधारण सहा तास मिळतात. पुढच्या भरतीआधी तलाव रिकामा झाला तर वस्ती कोरडी राहते. तलाव गाळाने उथळ झाला असेल, किंवा एवढा पाऊस पडला असेल की पहिले पाणी उतरण्याआधीच दुसरी भरती आली, तर पाणी रस्त्यावर आणि तेथून घरात येते.

हवामान बदल, नैसर्गिक आपत्ती आणि युद्ध यांचा दुर्बल समाजांवर काय परिणाम होतो, हे समजून घेताना मला या तलावाइतके उपयोगी उदाहरण दुसरे सापडलेले नाही. प्रत्येक कुटुंबाजवळ असा एक तलाव असतो. डब्यातले धान्य, भिशीत अडकलेले पैसे, मोडता येईल असे एखादे मणी-मंगळसूत्र, कमावत्या माणसाच्या अंगातली ताकद, उसनवारी देणारा शेजारी, गावाकडची दोन एकर जमीन, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, हे सारे मिळून संकट झेलणारा तो तलाव होतो. संकटाचा पहिला लोंढा हा तलाव झेलतो. मग तो रिता व्हायला, म्हणजे कर्ज फिटायला, अंग भरून यायला, मूल पुन्हा शाळेत बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ मिळाला तर कुटुंब सावरते. त्याआधी दुसरा तडाखा बसला तर तो पहिल्यापेक्षा लहान असला तरी मोडून टाकतो. गरिबीमुळे हा तलाव मुळातच लहान असतो. हवामान बदलामुळे दोन तडाख्यांमधले अंतर कमी होत चालले आहे. युद्धामुळे सावरण्याचा काळ लांबतो, कारण सावरायला मदत करणारी सगळी यंत्रणाच युद्ध मोडून टाकते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, तेच पुढे पाहायचे आहे.

पाऊस तोच, आपत्ती वेगळी

तज्ज्ञ मंडळी धोका आणि आपत्ती हे दोन शब्द वेगळे ठेवतात आणि त्याला कारण आहे. मुसळधार पाऊस, चक्रीवादळ, उष्णतेची लाट हे धोके आहेत. त्या धोक्याच्या वाटेत माणसे असतील, आणि तो झेलण्याची पुरेशी साधने त्यांच्याकडे नसतील, तेव्हा आपत्ती घडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उल्हास नदीच्या पुराने बदलापूर, कल्याणपर्यंतचा ठाणे जिल्हा वेढला गेला, हे त्या पिढीतला कोणीही विसरलेला नाही. तो पाऊस सगळ्यांवर पडला. परंतु पक्क्या इमारतीत राहणाऱ्या पगारदार कुटुंबाची त्या पावसातून सुटका व्हायला काही आठवडे लागले असतील, तर खाडीकाठच्या किंवा डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या घरातील कुटुंबाला काही वर्षे लागली. पगारदाराला दोन दिवसांची रजा मिळाली. हातावर पोट असलेल्याचे तेच दोन दिवस खाडे झाले आणि भिजलेल्या धान्यासाठी, वाहून गेलेल्या भांड्यांसाठी त्याने घेतलेली उचल पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिटली नाही.

ही माणसे धोक्याच्या जागी का राहतात, असा प्रश्न चांगल्या हेतूनेही पुष्कळदा विचारला जातो. तुर्भे किंवा कोपरखैरणे येथील मजूर नाक्यावर सकाळी सात वाजता उभे राहणाऱ्या माणसांना गाव विचारले, तर जालना, परभणी, बुलढाणा, यवतमाळ अशी नावे निघतात. कोरडवाहू शेतीने साथ सोडली म्हणून ती इकडे आली. म्हणजे पहिला तडाखा खाऊनच ती या शहरात उतरली आहेत. नाक्यावर पोहोचता येईल अशा अंतरावर, अनामत रकमेवाचून आणि कागदपत्रांवाचून जी खोली मिळते, ती दिघ्याच्या, कळव्याच्या किंवा मुंब्र्याच्या डोंगराला चिकटलेली असते, नाहीतर नाल्याच्या काठावर असते. सुरक्षित जमिनीला भाव आहे आणि धोक्याची जमीन स्वस्त आहे, इतका हा साधा हिशेब आहे. धोका त्या माणसांना दिसत नाही असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. तो दिसत असूनही दुसरी जागा परवडत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री नवी मुंबईपासून फार दूर नसलेल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वाडी इर्शाळगडाच्या पायथ्याच्या उतारावर होती आणि तेथे गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना पावसात, अंधारात चालत चढून जावे लागले आणि खोदकामाची यंत्रे वर पोहोचू शकली नाहीत, त्यामुळे माती हातांनी उपसावी लागली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. २३ जुलैला शोध थांबवला गेला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट रस्त्याची वाटते. ज्या वाडीला रस्ता नसतो, तिला बहुधा दवाखाना नसतो, वेळेवर इशारा मिळत नाही आणि संकट ओढवल्यावर यंत्र पोहोचत नाही. दरड एका रात्रीत आली, पण वाडीची दुर्बलता कित्येक वर्षे आधीपासून तयार होत होती.

हवामान बदलाविषयी अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीने २०२२ च्या अहवालात हेच जगाच्या पातळीवर मांडले आहे. २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळे यांमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अतिशय दुर्बल प्रदेशांत, सर्वांत कमी दुर्बल प्रदेशांच्या तुलनेत, १५ पट होते.

अंतर कसे आकसते

हवामान बदलामुळे नवीच संकटे येतात असे नव्हे. बहुतेक वेळा जुनीच संकटे अधिक जोराने आणि अधिक वेळा येतात, आणि अधिक वेळा येणे हेच घातक ठरते. रायगडच्या किनाऱ्याचे उदाहरण घ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पण सुपारीचे रोप लावल्यानंतर पीक धरायला पाच ते सात वर्षे जातात आणि नारळालाही जवळपास तितकाच काळ लागतो. म्हणजे वाडीवाल्याला सावरायला किमान पाच वर्षे हवी होती. प्रत्यक्षात टाळेबंदीमुळे पर्यटक येणे बंद झाले, मासळीची बाजारपेठ थंडावली, आणि वर्ष पुरे होण्याआधी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, महाड आणि चिपळूण पुराखाली गेले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. चौदा महिन्यांत एकाच पट्ट्यावर एवढे सारे कोसळले. प्रत्येक वेळी नुकसानभरपाईचा स्वतंत्र पंचनामा झाला, परंतु कुटुंबाच्या दृष्टीने ते एकच, न थांबलेले संकट होते.

अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत मानला जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी तापले की वादळाला मिळणारी वाफ, म्हणजे त्याचे इंधन, वाढते. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांना याची दुसरी बाजूही भोगावी लागते. खारबंदिस्तीचा बांध उधाणाने फुटून खांड पडली की खारे पाणी भातशेतात शिरते, आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. त्या पावसाळ्यांच्या आत दुसरी खांड पडली तर शेतकरी शेत पडीक टाकतो. नोंदीत ते नुकसान म्हणून कोठेच दिसत नाही.

उष्णतेच्या बाबतीत हे अंतर वर्षांचे नसून तासांचे असते. माणसाचे शरीर घाम वाळण्याने थंड राहते. ठाणे-नवी मुंबईसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे पारा विदर्भाइतका चढला नाही तरी शरीर आतून तापत जाते. किनारी भागासाठी हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषच म्हणून ३७ अंशांपासून सुरू होतो, मात्र तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या राज्य पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा जवळच्या केंद्रावर सुमारे ३८ अंशांची नोंद होती. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. तासन्‌तास उघड्यावर बसलेल्या माणसांसाठी तो किरकोळ नव्हता.

दिवसभर तापलेले शरीर रात्री पूर्ववत होते, म्हणजे रात्र ही शरीराची ओहोटी आहे. स्लॅबवर विटा वाहणाऱ्या बाईला पत्र्याच्या, एका खिडकीच्या खोलीत ही ओहोटी मिळत नाही, कारण दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहतो. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण न सावरलेले शरीर घेऊन कामावर उभी राहते. असे आठ दिवस गेले की चक्कर, ताप, मूत्रपिंडाचे दुखणे सुरू होते, आणि रजेचा पगार नसल्याने आजारपणाचा दिवस हा कमाई बुडाल्याचाही दिवस असतो. अहमदाबादेत मे २०१० मधील लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले. त्यांतील फारच थोडे उष्माघात म्हणून नोंदले गेले होते. नंतर मृत्यूंच्या एकूण नोंदी तपासल्यावर हा आकडा समोर आला. उष्णतेचे बळी हे असे हिशेबाबाहेर राहतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

युद्ध काय मोडते

युद्ध म्हटले की बॉम्ब आणि गोळ्या डोळ्यांसमोर येतात. परंतु युद्धकाळातील पुष्कळ मृत्यू भुकेने, अस्वच्छ पाण्याने, साध्या जुलाबाने आणि बाळंतपणात होतात. पाणीपुरवठ्याचा पंप बंद पडतो, दवाखान्यातला डॉक्टर निघून जातो, पेरणीच्या दिवसांत बियाणे पोहोचत नाही, धरणाची पाहणी करणारा अभियंता पगाराविना घरी बसतो. शांततेच्या काळात या माणसांकडे आपले लक्षही जात नाही. ज्या झडपा आणि दारे मिळून समाजाचा तलाव रिता करतात, ती हीच माणसे चालवत असतात.

लिबियातील दर्ना शहराचे उदाहरण फार बोलके आहे. शहराच्या वरच्या अंगाला १९७० च्या दशकात बांधलेली दोन धरणे होती आणि त्यांना तडे गेल्याची गोष्ट १९९८ पासून माहीत होती. दुरुस्तीचे काम परदेशी कंपनीला देण्यात आले होते, पण २०११ मध्ये उठाव आणि यादवी सुरू झाल्यावर ते थांबले आणि पुन्हा सुरू झालेच नाही. पुढे देशात दोन प्रतिस्पर्धी सरकारे झाली. २०२२ मध्ये तेथील एका जलतज्ज्ञाने, धरणांची ताबडतोब देखभाल केली नाही तर मोठा अनर्थ होईल, असे लेखी बजावले. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री डॅनियल वादळाचा अतोनात पाऊस पडला, दोन्ही धरणे फुटली आणि शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले हजारो माणसांसह समुद्रात वाहून गेले. इतक्या तीव्र पावसाची शक्यता हवामान बदलामुळे पुष्कळ वाढली होती, असे नंतरच्या वैज्ञानिक विश्लेषणातून दिसले. म्हणजे पावसाचा जोर तापलेल्या समुद्राने वाढवला, आणि धरण मात्र बारा वर्षांच्या लढाईने पोखरलेले होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुष्काळामुळे युद्ध होते, असे सरळ विधान अलीकडे फार सहजपणे केले जाते आणि ते मला धोक्याचे वाटते, कारण त्यामुळे बंदूक उचलणाऱ्याची आणि ती पुरवणाऱ्याची जबाबदारी पावसावर ढकलली जाते. सुदानच्या पश्चिमेकडील दारफुर प्रांत पाहा. तेथे १९७० आणि १९८० च्या दशकांत पाऊस घटला, कुरणे आक्रसली आणि उंट-गुरे घेऊन फिरणारे पशुपालक शेतकऱ्यांच्या जमिनीत अधिकाधिक येऊ लागले. आपल्याकडेही देशावरचे धनगर खरिपानंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला सांगतो, त्याला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. तंटे होतात, पण ते गावात मिटतात. दारफुरमध्येही अशाच रूढी होत्या. २००३ नंतर तेथे जे घडले, त्याचे मुख्य कारण सरकारने बंड मोडण्यासाठी पशुपालक जमातींतील टोळ्यांना शस्त्रे दिली हे होते. पावसाने ताण निर्माण केला. त्या ताणाचे हत्याकांड माणसांनी केले.

त्या वेळी उजाड झालेल्या गावांतील माणसे अल-फाशिर शहराजवळच्या झमझम छावणीत आली आणि तेथेच वीस वर्षे राहिली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानचे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात नवे युद्ध पेटले. एक कोटीहून अधिक माणसांची घरे सुटली, अन्नाचे ट्रक अडले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये झमझममध्ये दुर्भिक्ष म्हणजे फॅमिन असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. एप्रिल २०२५ मध्ये छावणीवरच हल्ला झाला आणि लाखो लोक पुन्हा पायी निघाले. छावणीत जन्मून मोठा झालेला एखादा तरुण आपल्या बाळाला घेऊन आता पळत असेल, तर त्याच्या घराण्यातील दोन पिढ्यांना सावरण्यासाठी मधला काळ मिळालेलाच नाही. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे छळ, हिंसा आणि युद्धामुळे विस्थापित होती. म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येएवढी माणसे.

एका गव्हाच्या पोत्याचा प्रवास

ही सारी दूरची गोष्ट आहे असे वाटत असेल, तर २०२२ च्या उन्हाळ्यात वाशीच्या धान्य बाजारात काय चालले होते ते आठवावे. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. जगाच्या गहू निर्यातीत या दोन देशांचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक होता आणि सूर्यफूल तेलासाठी भारत प्रामुख्याने युक्रेनवर अवलंबून होता. ठाण्यातल्या किराणा दुकानात तेलाच्या पिशवीचा भाव चढला, तो अशा बंदरांमधील लढाईमुळे ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नव्हती. गव्हाच्या बाबतीत मात्र भारताकडे साठा होता आणि आपण जगाला गहू पुरवू शकू, अशी भाषा एप्रिलमध्ये होऊ लागली.

दरम्यान मार्च महिना तापला. सरासरी कमाल तापमान पाहता १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाच्या ओंबीत दाणा भरण्याचे ते दिवस असतात; त्या वेळी उष्णता वाढली की दाणा पुरता भरण्याआधीच पीक पिकून जाते आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. पंजाब-हरियाणातील उतारा घटला, भाव वाढले आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. देशातल्या गरिबांच्या पोळीसाठी ते करावे लागले असेल. परंतु त्याची किंमत कोणीतरी मोजलीच.

सोमालिया आपल्या गरजेच्या गव्हापैकी ९० टक्क्यांहून अधिक गहू रशिया आणि युक्रेनकडून घेत होता. त्याच वेळी तेथे सलग पाच पाऊसकाळ कोरडे गेले, जनावरे मेली, आणि देशाच्या मोठ्या भागावर सशस्त्र गटाचा ताबा असल्याने मदत सर्वत्र पोहोचू शकत नव्हती. घरचे पीक गेले, विकत घ्यायचा गहू महागला, ज्याच्याकडून दुसरा गहू घेता आला असता त्याने दार लावून घेतले, आणि मदतीच्या वाटेवर बंदूक होती. २०२२ या एका वर्षात तेथे दुष्काळामुळे सुमारे ४३ हजार अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले असावीत. त्या एका वर्षात युद्ध, उष्णता आणि दुष्काळ यांनी तीन खंडांतून येऊन एकाच आईच्या चुलीवर हात टाकला.

कागद आणि बायका

दुर्बलतेविषयी बोलताना पैशाचा उल्लेख पहिल्यांदा होतो, पण कागदाचा होत नाही. पुरात ट्रंक भिजली की रेशनकार्ड, आधार, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे पासबुक एकदम जाते. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा घर ज्याच्या नावावर आहे त्याची नोंद होते. भाडेकरूकडे नोंदणीकृत करार नसेल तर भिजलेले सामान त्याचे असूनही तो अनेकदा यादीबाहेर राहतो. याचीच युद्धाने काढलेली आवृत्ती सीरियात पाहायला मिळाली. तेथे २०१८ मध्ये कायदा क्रमांक १० आला. पुनर्विकासासाठी निवडलेल्या भागांत घर-जमिनीची मालकी सिद्ध करण्यासाठी त्यात सुरुवातीला केवळ ३० दिवस होते, ते टीकेनंतर वर्षभर करण्यात आले. ज्यांनी सीमा ओलांडून तंबूत आसरा घेतला होता, ती माणसे सातबारासारखा कागद घेऊन परत कशी येणार होती? विस्थापितांच्या बाबतीत कायद्याचीही मर्यादा आहे. निर्वासितांसंबंधीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांवरून होणाऱ्या छळापासून पळणाऱ्यांना संरक्षण देतो. ज्याचे शेत समुद्राने खाल्ले त्याचा त्यात उल्लेख नाही.

बायकांना हा भार दुप्पट का पडतो, हे बांगलादेशातील १९९१ च्या चक्रीवादळाने दाखवून दिले. त्यात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा फार मोठे होते. इशारा पुरुषांच्या बाजारात आणि मशिदीत पोहोचला, घरात पोहोचला नाही; नवरा येईपर्यंत घर सोडायचे नाही असा दंडक होता; मुले आणि म्हातारी माणसे बाईच्या अंगावर होती; आणि निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी जागा वा संडास नव्हता. वाऱ्याने बाई-पुरुष पाहिले नव्हते. पुढे त्या देशाने निवारे बदलले, स्वयंसेवकांमध्ये स्त्रियांची मोठी भरती केली, आणि तेव्हापासून तितक्याच जोराच्या वादळांतही मृत्यू कितीतरी पटींनी कमी झाले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी सुमारे दहा लाख लोकांना हलवले गेले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले.

जीव वाचवणे मात्र अर्धेच काम असते; तलाव रिता करण्याचे काम त्यानंतर उरते. याबाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवलेली एक गोष्ट आपण स्वतः विसरत चाललो आहोत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तेव्हा वाटलेली मिलो ज्वारी आणि सुकडी यांच्या आठवणी आजही गावोगाव निघतात. त्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. संकटात जनावरे आणि जमीन विकावी लागू नये, हे त्यामागचे सूत्र होते, कारण बैलजोडी गेली की पुढचा चांगला पाऊसही वाया जातो. त्या योजनेसाठी पैसा उभा करायला शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. ठाण्यात किंवा ऐरोलीत नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकात आजही दरमहा कापले जाणारे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये त्या काळापासून चालत आलेल्या याच कराचे आहेत. शहराने गावाचा तलाव रिता व्हायला हातभार लावावा, असा तो करार होता.

आज ज्याला मदत हवी तो नाक्यावर उभा आहे, आणि शहरात रोजगाराची तशी हमी नाही. त्याच्यासाठीची काही साधने तयार होऊ लागली आहेत. रेशनकार्ड आता देशभरात कोठेही चालू शकते, ही स्थलांतरितासाठी मोठी गोष्ट आहे. ठाणे महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आहे. गुजरातमध्ये स्वयंरोजगारी स्त्रियांच्या सेवा या संघटनेने २०२३ पासून असा विमा सुरू केला, की तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे ठरावीक दिवस राहिले तर पंचनाम्याशिवाय सदस्य स्त्रीच्या खात्यात रक्कम जमा व्हावी. रक्कम लहान असते. परंतु ती पंचनाम्यासाठी न अडकता हाती येते आणि सावकाराकडे जाण्याची एक खेप वाचवते, म्हणून मला ती भरपाईच्या मोठ्या आकड्यांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांना सिडकोने चौकजवळ पक्की घरे बांधून दिली आणि तेथे रस्ता आहे. कळवा, मुंब्रा, दिघा येथील उतारांवर मात्र प्रत्येक मे महिन्यात घर रिकामे करण्याच्या नोटिसा लागतात आणि प्रत्येक जूनमध्ये तेथील लोक पत्र्यावर नवी ताडपत्री घालून, कडेला दगड ठेवून तेथेच राहतात. नोटिशीत निघून जा असे लिहिलेले असते. नाक्याला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, चार महिन्यांसाठी, अनामत न मागता कोणती खोली मिळेल आणि तेथून मुलाला त्याच शाळेत जाता येईल का, हे तिच्यात लिहिलेले नसते. ताडपत्रीचा भाव यंदा किती आहे, एवढेच त्या कुटुंबाला नक्की माहीत असते.